मूळ कागद पाहिला का?

घरातले मूल एम.डी.ला किंवा एम.एस.ला लागले की पेढे वाटले जातात, नातेवाइकांचे फोन येतात आणि कोणती शाखा मिळाली याची चर्चा आठवडाभर पुरते. आता तीन वर्षे पोराला दिवसरात्र वॉर्डात राबायचे आहे, हेही आपण ऐकून असतो. पण या तीन वर्षांत त्याला एक प्रबंध लिहायचा असतो, तो परीक्षेच्या किमान सहा महिने आधी द्यावा लागतो आणि परीक्षकांनी मान्य केल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही, ही गोष्ट आईवडिलांच्या गावी नसते. खरे सांगायचे तर अनेकदा ती पोराच्याही गावी नसते. एम.बी.बी.एस.च्या साडेपाच वर्षांत संशोधनाचा विषय ओझरता येऊन जातो. पाठ केलेले उत्तर लिहिण्यात ही मुले तरबेज असतात. ज्याचे उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही असा प्रश्न विचारायची सवय त्यांना कुणी लावलेली नसते.

ही उणीव भरून काढावी म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चेन्नई येथील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने एक ऑनलाइन अभ्यासक्रम तयार केला. २०१९ पासून तो देशभरच्या पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांना सक्तीचा झाला. त्यात तेवीस व्याख्याने आहेत. संशोधनाचा प्रश्न कसा मांडावा, आधीचे साहित्य कसे धुंडाळावे, नमुना किती घ्यावा, माहिती कशी गोळा करावी, रुग्णाची संमती कशी घ्यावी, असे त्याचे विषय. व्याख्याने मोबाइलवर ऐकायची आणि परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यायची. गुरू चेन्नईत, शिष्य वॉर्डात. आणि आमच्या ओळखीची एक शिष्या कसारा लोकलमध्ये.

ही मुलगी आमच्याच इमारतीतली. वडील मोहन्याच्या एनआरसी कारखान्यात होते, २००९ मध्ये तो बंद पडेपर्यंत. ती मुंबईच्या एका महाविद्यालयात स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राची एम.एस. करते. महिन्यातून एखाद-दुसऱ्या रविवारी आंबिवलीला येते तेव्हा आईच्या हातचे जेवून बारा तास झोपते आणि मग आमच्याकडे चहाला येते. मी चौतीस वर्षे बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. वैद्यकातले मला काही कळत नाही. तरीही तिचे माझ्याकडे काम निघाले, कारण तिला कुणीतरी सांगितले होते की दूरस्थ अभ्यास कसा करायचा ते बँकवाल्यांना विचार.

ते खोटे नाही. आमच्या काळी बढतीसाठी सीएआयआयबीची परीक्षा द्यावी लागे. ना वर्ग, ना शिक्षक. टपालाने येणारी पुस्तके आणि रोजचा रेल्वेचा प्रवास एवढेच विद्यापीठ. तिथे शिकलेली एक साधी गोष्ट मी तिला सांगितली. ती व्याख्याने दीडपट वेगाने लावून एकामागून एक ऐकत होती. मी म्हटले, "अगं, हे भजन नाही. एक व्याख्यान झालं की फोन खिशात टाक आणि शहाड ते आंबिवली एवढ्या वेळात त्यातलं काय उरलं ते वहीत लिही. न बघता." पहिल्या खेपेला तिला चार ओळीही आल्या नाहीत. ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते, ते लिहायला बसले की निसटते. शिकण्यावर संशोधन करणाऱ्यांनीही हे वारंवार दाखवून दिले आहे: पुनःपुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिलेले अधिक टिकते.

प्रबंध हा शब्द आपल्याकडे जड वाटतो. पण आंबिवलीहून दोनच स्टेशनांवर ज्यांचे माहेर, त्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला जो प्रबंध सादर केला त्याचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. वयाचे एकविसावे वर्ष तेव्हा पुरे झाले नव्हते. आमच्या या मुलीची शाखाही तीच, हे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "काका, त्यांना सॅम्पल साइज काढावी लागली नसेल." ते मात्र खरे.

खरी गाठ पडली ती संदर्भांपाशी. तिचा विषय आहे गरोदर स्त्रियांचा रक्तक्षय. पोटातून दिलेल्या लोहाच्या गोळ्या आणि सलाइनमधून दिलेले लोह, यांत हिमोग्लोबिन कशाने किती वाढते, हे तिला आपल्या रुग्णालयातल्या बायकांत पाहायचे आहे. आधीच्या संशोधनाचा आढावा तिने लिहून आणला होता. भाषा बघा, म्हणाली. मी भाषा बघायच्या आधी जुन्या सवयीने विचारले, "या साठ संदर्भांपैकी किती कागद तू स्वतः उघडलेस?" ती हसली. अकरा. बाकीचे तिने दुसऱ्यांच्या लेखांतल्या याद्यांमधून उचलले होते. सगळेच तसे करतात, हे तिचे म्हणणे.

आमच्याकडे लेजरातली नोंद कितीही सुबक असली तरी तपासनीस एकच प्रश्न विचारी, व्हाउचर कुठे आहे? नोंद म्हणजे कुणीतरी केलेले विधान. व्हाउचर म्हणजे ते घडल्याचा पुरावा. ही गोष्ट वैद्यकात केवढी महाग पडू शकते याचे एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे.

जानेवारी १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या अमेरिकन नियतकालिकात एक पत्र छापून आले. लेख नव्हे, पत्र. एकच परिच्छेद, पाच वाक्ये. बॉस्टनच्या दोघा संशोधकांनी कळवले होते की रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामके दिलेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, त्यांत व्यसन लागल्याची नीट नोंद असलेले चारच सापडले. हे रुग्णालयातले, डॉक्टरांच्या नजरेखालचे रुग्ण होते. महिनोन्‌महिने घरी गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्या पत्रात अक्षरही नव्हते. पुढे हे पत्र एकाने दुसऱ्याचे पाहून आणि दुसऱ्याने तिसऱ्याचे पाहून शेकडो लेखांत उद्धृत होत गेले. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन नावाची जबर वेदनाशामक गोळी अमेरिकेत विक्रीला आली, तेव्हा 'व्यसन क्वचितच लागते' ही समजूत डॉक्टरांत पक्की बसवली गेली होती. २०१७ साली त्याच नियतकालिकात कॅनडातल्या संशोधकांनी हिशेब मांडला. ते पत्र ६०८ वेळा उद्धृत झाले होते. शंभरातल्या बहात्तर लेखकांनी ते व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरले होते, आणि शंभरातल्या ऐंशींनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते एवढेही लिहिले नव्हते. पाच वाक्ये वाचायला किती वेळ लागतो? दरम्यान त्या देशात या औषधांपायी लाखो माणसे दगावली. सगळा दोष एका पत्रावर टाकणे अन्यायाचे होईल, त्यात कंपन्यांचा वाटा मोठा आहे. पण ती पाच वाक्ये मुळातून वाचणारी माणसे थोडी अधिक असती तर?

दुसरे उदाहरण आपल्या सगळ्यांच्या आठवणीतल्या काळातले. २२ मे २०२० रोजी लॅन्सेटमध्ये एक लेख आला. सहा खंडांतली ६७१ रुग्णालये, ९६,०३२ कोविड रुग्ण, आणि निष्कर्ष असा की हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने मृत्यू वाढतात. तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची आपली चाचणी थांबवली. मग काही जणांनी आकडे ताळून पाहिले. ऑस्ट्रेलियातल्या पाच रुग्णालयांत ७३ मृत्यू असे लेखात होते, आणि त्या तारखेपर्यंत संपूर्ण ऑस्ट्रेलियात नोंदले गेलेले मृत्यू होते ६७. मूळ नोंदी दाखवा म्हटल्यावर त्या पुरवणाऱ्या कंपनीने हात वर केले आणि ४ जूनला लेख मागे घेतला गेला. शाखेचा ताळेबंद आहे आणि शाखाच सापडत नाही, असा हा प्रकार. गंमत म्हणजे ते औषध कोविडवर उपयोगाचे नाही हे पुढे ब्रिटनमधल्या नीट केलेल्या चाचणीत दिसलेच. तरीही उत्तर बरोबर निघाले म्हणून त्या लेखाचे व्हाउचर सापडले असे होत नाही.

पुढच्या महिन्यात ती आली तेव्हा साठांचे छत्तीस संदर्भ झाले होते आणि छत्तीसही तिने उघडून वाचले होते. दोन ठिकाणी मूळ लेखात वेगळेच लिहिलेले निघाले. एका ठिकाणी तर ज्या स्त्रियांवर प्रयोग झाला त्या गरोदर नव्हत्याच.

ऑनलाइन व्याख्यानांत न मावणारी आणखी एक गोष्ट म्हणजे हरवलेल्या रुग्णांचे काय करायचे. आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. रुग्णालय मुंबईत आणि माहेर जव्हारला नाहीतर जळगावला. शिवाय लोहाच्या गोळ्यांनी मळमळते, शौचाला घट्ट होते. ज्यांना फार त्रास झाला त्या गोळ्या बंद करतात आणि डॉक्टरीणबाई रागावतील म्हणून पुन्हा येतच नाहीत. आता प्रबंधात फक्त परत आलेल्या बायका मोजल्या तर काय होईल? गोळ्या सोसल्या त्याच उरल्या, त्यांचे हिमोग्लोबिन वाढलेले, आणि गोळ्या उत्तम ठरल्या!

बँकेत दिवसअखेर सात रुपयांचा फरक आला तर ते खिशातून घालून मोकळे होता येत नसे. ते सस्पेन्स खात्यात तारखेनिशी टाकायचे आणि उलगडा होईपर्यंत उघडे ठेवायचे. वैद्यकातही पद्धत हीच. जिचे नाव ज्या गटात निघाले ती त्याच गटात मोजायची, तिने गोळ्या घेतल्या असोत वा नसोत. आणि जी हरवली ती हरवली असे लिहायचे. तिच्या आता नोंदवहीत सासरचा आणि माहेरचा असे फोनचे दोन रकाने आहेत. ही युक्ती तिला तिच्या वॉर्डातल्या एका जुन्या सिस्टरने सांगितली. चेन्नईच्या तज्ज्ञांनी नव्हे आणि मीही नव्हे.

मागची तारीख टाकणे हा दुसरा जुना रोग. आधी आकडे गोळा करायचे, मग त्यातून काय चांगले दिसते ते पाहायचे आणि तोच आपला मूळ प्रश्न होता असे लिहायचे. यावर उपाय म्हणून आपल्या देशात २००७ पासून चिकित्सा-चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे. एप्रिल २०१८ पासून तिच्यात पहिला रुग्ण घेण्याआधीच नाव घालावे लागते, मागाहून चालत नाही. प्रबंधासाठी केलेली छोटीशी चाचणीही त्यातून सुटत नाही. आपण काय मोजणार हे जगाला आधी सांगून मग मोजायचे. कादंबरीकाराला हे फार जाचक वाटेल, पण इथे शेवट आधी ठरवून चालत नाही.

मोठ्या शहरातल्या महाविद्यालयाशिवाय संशोधन होत नाही, अशी समजूत या मुलांत असते. ती खोडून काढायला मी तिला डॉ. हिम्मतराव बावस्करांचे उदाहरण दिले. नाव तिने ऐकले होते, कारण २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. काम वाचलेले नव्हते.

सत्तरच्या दशकात हा तरुण डॉक्टर रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होता. कोकणातला लाल विंचू चावला की धडधाकट माणसे आणि लहान मुले दगावत, आणि नेमके कशाने हे पुस्तकात नव्हते. प्रयोगशाळा नाही, ग्रंथालय नाही. होते ते रुग्णाजवळ बसून राहण्याची तयारी, रक्तदाबाचे यंत्र आणि वही. दर थोड्या वेळाने काय दिसते ते लिहायचे: घाम केव्हा फुटला, हातपाय गार केव्हा पडले, रक्तदाब केव्हा चढला, छातीत पाणी केव्हा भरले. त्या टिपणांतून धोक्याची आगाऊ चिन्हे कोणती, यावरचे त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. विषाने शरीरातली एक यंत्रणा बेफाम होते आणि हृदयावर ताण येतो, हे लक्षात आल्यावर ती यंत्रणा आवरणारी प्राझोसिन ही रक्तदाबावरची स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली. डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह लिहिलेला तो अनुभव १९८६ मध्ये लॅन्सेटनेच छापला. गंभीर विषबाधेच्या शंभर रुग्णांत पूर्वी तीसेक जात, ते प्रमाण पुढे एक ते चारांवर आले.

इथवरची गोष्ट अनेकांना ठाऊक आहे. मला त्यापुढची अधिक आवडते. मुंबईच्या हाफकिनची विंचवावरची प्रतिलस उपलब्ध झाल्यावर त्यांनी आपल्याच गोळीची परीक्षा घेतली. महाडला सत्तर रुग्णांचे चिठ्ठीने दोन गट केले. पस्तिसांना नुसती प्राझोसिन आणि पस्तिसांना प्राझोसिनबरोबर प्रतिलस. दहा तासांत पूर्ण सुधारलेले रुग्ण दुसऱ्या गटात पस्तिसांपैकी बत्तीस निघाले, नुसत्या गोळीच्या गटात आठ. हा निकाल २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. ज्या गोळीने नाव दिले ती एकटी पुरेशी नाही, हे स्वतःच्या हाताने मोजून छापणे! मी पुष्कळ ताळेबंद पाहिले आहेत. स्वतःचा इतका कडक तपासनीस झालेला माणूस फार थोड्या वेळा पाहिला.

आजच्या मुलांना साधने किती आहेत! पूर्वी इंडेक्स मेडिकसचे जाडजूड खंड उलटत संदर्भ शोधावे लागत. १९९७ पासून पबमेड फुकट आहे. संदर्भ सांभाळायला झोटेरोसारखी विनामूल्य संगणकप्रणाली आहे. जानेवारी २०२५ पासून केंद्राच्या 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजनेत सरकारी संस्थांना सुमारे तेरा हजार नियतकालिके खुली झाली. खासगी महाविद्यालयांतली मुले मात्र त्या दाराबाहेर आहेत, आणि पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांत त्यांची संख्या काही थोडी नाही. हे मला पटत नाही. रुग्ण काही सरकारी आणि खासगी डॉक्टरांच्या ज्ञानात फरक असावा म्हणून पैसे भरत नाही. आणि एवढी साधने असूनही 'प्रबंध करून मिळेल' असे सांगणारी माणसे मुलांना भेटतातच. त्यांच्या दोषाबरोबर हेही बघायला हवे, की सलग छत्तीस तासांच्या ड्युटीनंतर छत्तीस लेख वाचायला वेळ कुणी ठेवला आहे?

माझा खरा उपयोग झाला तो संमतीपत्राला. हे पत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत हवे, असा परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा दंडक आहे. तिने आणलेल्या मराठी मसुद्यात वाक्य होते: 'सहभागी व्यक्तीस यादृच्छिक पद्धतीने कोणत्याही एका गटात समाविष्ट करण्यात येईल.' मी तिला म्हटले, "हे तुझ्या आईला वाचून दाखव." आईने ऐकले आणि विचारले, "म्हणजे पैसे भरावे लागतील का?"

कर्जाच्या कागदांवर अंगठे उमटताना मी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. जामीनदाराला कागद वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही असा नियम असतो, पण नुसते वाचून दाखवले म्हणजे समजले असे नव्हे. शहापूर-मुरबाडकडची एखादी बाई डॉक्टरीणबाईंपुढे मान हलवते ती बहुतेक वेळा भिडेने. आम्ही दोन रविवार त्या दीड पानावर घालवले. शेवटी ते वाक्य असे झाले: 'तुम्हाला गोळ्या द्यायच्या की सलाइनमधून औषध, हे डॉक्टर ठरवणार नाहीत आणि तुम्हीही नाही. ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवेल. नाही म्हणालात तरी तुमचे उपचार नेहमीसारखेच चालतील.' चिठ्ठी कशाला, डॉक्टरांनीच का ठरवू नये, हे मी तिला विचारले. ती म्हणाली, "काका, मी ठरवलं तर जी जास्त फिकट दिसेल तिला मी सलाइनच देईन. मग दोन गट सारखे कसे राहतील?" तेवीस व्याख्यानांतले हे एक तिला पुरते पचले होते.

नीतिसमितीने ते पत्र मान्य केले. वाचता न येणाऱ्या बाईसाठी वाचता येणारा तटस्थ साक्षीदार ठेवा, एवढी आठवण दिली. गेल्या महिन्यात काम सुरू झाले. पहिल्याच आठवड्यात एका बाईने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "चिठ्ठी मी काढू का?" तसे करता येत नाही, पाकिटे क्रमाने सिस्टर उघडते, हे तिला सांगितले. बाई म्हणाली, सासूला विचारून उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी ती आली आणि नको म्हणाली. तिला नेहमीप्रमाणे गोळ्या सुरू झाल्या. तिचा आकडा आता दोन्ही गटांत कुठेच धरला जाणार नाही. पण किती जणींना विचारले आणि किती नाही म्हणाल्या, हेही प्रबंधात द्यावे लागते, म्हणून वहीत तिच्यासाठी एक ओळ आहे: विचारले, माहिती दिली, नकार.